शैलचित्रांचा टॅरो कॅट: पहिलं पान उलटण्याआधी

माझ्याकडे टॅरोचे, म्हणजे भविष्य पाहायच्या पत्त्यांचे, तीन कॅट आहेत. त्यातला एक मी पानं वाचायला वापरत नाही, आणि हा लेख त्याच्यामुळेच लिहिते आहे.

मेलबर्नला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तो ऑनलाइन घेतला. ‘प्राचीन अ‍ॅबोरिजिनल शैलचित्रांवर आधारित’ असं वर लिहिलेलं (अ‍ॅबोरिजिनल म्हणजे ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी), किंमत इतर कॅटच्या निम्मी. पुस्तिका नव्हती, डबीवर एक क्यूआर कोड होता आणि तो उघडतच नव्हता. मला तेव्हा काही खटकलं नाही. एका मैत्रिणीने विचारलं, नोकरी बदलू का? पानावर आली एकात एक काढलेली वर्तुळं. मी ठामपणे सांगून मोकळी झाले, ‘तू नुसती गोल गोल फिरते आहेस.’ तिचं तोंड उतरलं. ऑस्ट्रेलियाच्या मध्य वाळवंटातल्या चित्रांत अशी वर्तुळं बहुतेक वेळा पाणवठा किंवा मुक्कामाची जागा दाखवतात, हे मला काही महिन्यांनी कळलं. म्हणजे तिला आलेलं पान ‘जरा थांब, इथे पाणी आहे’ असंही म्हणत असेल, आणि मी मात्र तिला घाण्याला जुंपलं होतं.

टॅरोने भविष्य कळतं का, या वादात मी पडणार नाही. मी मूळची राजापूरकडची. आमच्याकडे अडलं-नडलं की देवळात कौल लावतात, त्यामुळे प्रश्न मनात धरून पान उलटणं मला कधी परकं वाटलं नाही. पण कौल ज्याच्या त्याच्या गावातल्या देवापुढे, त्या गावच्या गुरवाकडूनच लावला जातो. शेजारच्या गावचा देव पिशवीत घालून आणून कुणी कौल लावत नाही. शैलचित्रांचा कॅट हाताळताना हे ध्यानात ठेवलंत, तर पुढचं बरंच आपोआप सुटेल.

## १. टॅरो कुठला आणि चित्र कुठलं, ते आधी वेगळं करा

टॅरो ऑस्ट्रेलियाचा नाही. तो पंधराव्या शतकातल्या उत्तर इटलीतला पत्त्यांचा खेळ आहे. भविष्य पाहायला त्याचा सर्रास वापर सुरू झाला तो अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. आज आपण जी चित्रं ‘टॅरोची चित्रं’ म्हणून ओळखतो, ती बहुतांशी पामेला कोलमन स्मिथ हिने काढलेल्या आणि १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या कॅटवरून आली आहेत.

तेव्हा कुठल्याही पुस्तिकेत ‘हजारो वर्षांचा अ‍ॅबोरिजिनल टॅरो’ असं दिसलं की पुस्तिका मिटून ठेवा. चित्रांची परंपरा हजारो वर्षांची असेल, टॅरो नाही.

पत्ते खेळलेल्या मराठी माणसाला टॅरोचा सांगाडा पाच मिनिटांत कळतो. पानं ७८. त्यातली ५६ आपल्या ५२ पानांची चुलत भावंडं: कप्स म्हणजे बदाम, स्वोर्ड्स म्हणजे इस्पिक, वाँड्स म्हणजे किलवर, पेंटॅकल्स म्हणजे चौकट. एक्क्यापासून दश्शीपर्यंत तेच. चित्रांच्या पानांत राजा, राणी, गुलाम यांच्या जोडीला एक घोडेस्वार जास्तीचा, म्हणून प्रत्येक रंगाची १४. उरलेली २२ पानं, फूल नावाचं एक सोडून, मुळात खेळातले कायमचे हुकूमच होते. आज त्यांना मेजर अर्काना म्हणतात, आणि फूल, डेथ, टॉवर, सन ही नावं ऐकलेली असतात ती तिथलीच.

आता शैलचित्रं. ‘अ‍ॅबोरिजिनल चित्रशैली’ नावाची एक शैली नाही. युरोपीय लोक येण्याआधी या खंडात अडीचशेहून जास्त भाषा होत्या, आणि चित्रांच्या पद्धतीही जागोजागी वेगळ्या:

- पश्चिमेकडच्या किंबर्लीत वांजिना. मोठे डोळे, डोक्याभोवती ढगांचं वलय, तोंड नाही. पाऊस आणणाऱ्या या शक्ती वोरोरा, न्गारिन्यिन आणि वुनंबल लोकांच्या आहेत.
- त्याच किंबर्लीत ग्विऑन ग्विऑन. सडपातळ, नटलेल्या आकृत्या, वांजिनाहून जुन्या.
- उत्तरेला काकाडूत प्राण्यांच्या पोटातली हाडं-आतडी दाखवणारी चित्रं. यांना क्ष-किरण शैली म्हणतात.
- वायव्य किनाऱ्यावर मुरुजुगा. तिथे रंग नाही, खडकात कोरलेल्या आकृत्या आहेत आणि त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. २०२५ मध्ये ही जागा जागतिक वारशाच्या यादीत गेली.
- मध्य वाळवंटात वर्तुळं, रेघा, पाऊलखुणा. या वाळूवर, अंगावर आणि खडकावरही काढत.

आणि ठिपके? कॅनव्हासवरची ठिपक्यांची चित्रं म्हणून जी जगभर पोचली, त्यांची सुरुवात १९७१ ची आहे. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या पश्चिमेला पापुन्या नावाच्या वस्तीत जेफ्री बार्डन हा शिक्षक होता. तिथल्या वडीलधाऱ्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांचं चित्र काढलं, मग पाट्यांवर आणि कॅनव्हासवर काढायला लागले. खुणा जुन्या, माध्यम नवं. काही पवित्र आकृत्या बाहेरच्यांना दिसू नयेत म्हणून त्यांवर ठिपके भरत गेले, असं अनेक अभ्यासक सांगतात. म्हणजे ठिपके कधी कधी दाखवायला नसून झाकायला असतात. टॅरोवाल्यांनी नेमके तेच ‘गूढ अर्थाचे’ म्हणून उचलले, याची मला गंमत वाटते.

## २. कॅट घेण्याआधी उलटतपासणी

माझ्या त्या कॅटमधल्या एका पानावर वांजिना आहे, त्याच्याभोवती वाळवंटी ठिपके आहेत आणि शेजारी डिजरिडू हे फुंकून वाजवायचं लांब लाकडी वाद्य ठेवलेलं आहे, जे मूळचं उत्तरेकडच्या आर्नेम लँडच्या बाजूचं. वारलीच्या तारप्याभोवती मधुबनीचे मासे पोहावेत आणि खाली ‘भारतीय आदिवासी कला’ लिहावं, तसं. आपल्याला हे चित्र चटकन खटकेल. तिथल्या माणसाला ते पान तितकंच खटकतं, किंबहुना जास्त, कारण वांजिना काढण्याचा अधिकार त्या तीन समाजांबाहेर कुणाला नाही असं ते मानतात.

डबीवर किंवा पुस्तिकेत हे शोधा:

चित्रकाराचं नाव. त्याचा किंवा तिचा समाज, म्हणजे नुसतं ‘अ‍ॅबोरिजिनल’ नाही, तर वार्लपिरी, योल्ङू, न्गारिन्यिन असं नेमकं नाव. चित्र कुठल्या भूभागाचं आहे. परवानगी आणि मोबदल्याबद्दल एखादी ओळ. विक्रेता ऑस्ट्रेलियात असेल तर तो ‘इंडिजिनस आर्ट कोड’चा सदस्य आहे का, हेही पाहता येतं. ही ऐच्छिक आचारसंहिता आहे, कायदा नाही, पण चित्रकाराशी सरळ व्यवहार करण्याचं बंधन विक्रेता त्यात स्वतःवर घेतो.

यातलं काहीच नसेल तर विक्रेत्याला लिहून विचारा: चित्रं कुणी काढली? तो चित्रकार कुठल्या समाजाचा? प्रत्येक विक्रीमागे त्याला पैसे मिळतात का? खऱ्या विक्रेत्याला हे प्रश्न आवडतात, तो लांबलचक उत्तर देतो. खोट्याकडून ‘इन्स्पायर्ड बाय एन्शंट विज्डम’ एवढंच येतं, किंवा काहीच येत नाही.

इथे चार जागी पाय घसरतो.

पहिली, ‘शैलचित्रं इतकी जुनी, त्यांना कसला कॉपीराइट?’ हा युक्तिवाद. कायद्याच्या भाषेत तो काही अंशी खरा आहे, पण चित्रांना वारस आहेत. वांजिनांची चित्रं पिढ्यान्‌पिढ्या पुन्हा रंगवून ताजी ठेवली गेली आहेत. देवळाचा कळस दुरुस्त करणाऱ्या गावाला ‘तुमचं देऊळ जुनं, म्हणजे कुणाचंच नाही’ असं सांगून बघा. आजच्या चित्रकारांच्या बाबतीत तर कायदाही स्पष्ट आहे. बांडुक मारिका आणि इतर चित्रकारांची चित्रं परवानगीशिवाय व्हिएतनाममध्ये गालिच्यांवर उतरवून ऑस्ट्रेलियात विकली गेली, तेव्हा १९९४ मध्ये तिथल्या फेडरल कोर्टाने चित्रकारांच्या बाजूने निकाल दिला. मारिकांच्या चित्रात पवित्र पाणवठा होता, आणि लोक त्यावर पाय देऊन चालणार होते.

दुसरी, ओरॅकल कॅट. पानं ३६, ४४ किंवा ५० असतील तर तो टॅरो नाही. वाईट नव्हे, पण टॅरोचं पुस्तक त्याला लागू पडणार नाही. ‘टॅरो’ म्हणून शोधल्यावर निम्मे तरी हेच समोर येतात.

तिसरी, नकली छपाई. मूळ कॅटच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळत असेल, पानं नेहमीच्या ७० बाय १२० मिलिमीटरपेक्षा बरीच लहान असतील आणि पुस्तिकेऐवजी क्यूआर कोड असेल, तर चित्रकाराला दमडी मिळालेली नाही असं समजा.

चौथी, चित्रकार अ‍ॅबोरिजिनल नाही पण कॅट मनापासून केलेला आहे. इथे मतभेद होतात. माझं मत: हाताचे ठसे, प्राणी, शिकारी असं जगभरच्या खडकांवर सापडणारं काही त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने काढलं असेल तर मी घेईन. वांजिना किंवा कुणाची दैवतकथा उचलली असेल तर नाही.

## ३. जवळ काय काय हवं

- ७८ पानांचा कॅट, छापील पुस्तिकेसह.
- १९०९ च्या कॅटच्या चित्रांचा एखादा संच, मोबाइलमधला चालेल. तुलनेला लागतोच.
- कॅनबेरातल्या आयात्सिस या संस्थेचा नकाशा, ज्यात खंडभरच्या भाषासमूहांचे प्रदेश रंगांनी दाखवले आहेत. संस्थेच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो. पुस्तिकेतलं समाजाचं नाव त्यावर शोधून पेन्सिलने पुस्तिकेत प्रदेश लिहून ठेवा.
- दोनशे पानी वही.
- एक सुती कापड. रेशमी, काळंच, चंद्रप्रकाशात ठेवलेलं वगैरे काही लागत नाही. माझं जुन्या लुगड्याचं आहे.

## ४. खुणा शिका, पण पाढे पाठ करू नका

वहीत प्रत्येक पानासाठी दोन रकाने पाडा. डावीकडे टॅरोचा अर्थ, उजवीकडे चित्रात खरोखर काय आहे ते. दोन्ही एकमेकांत मिसळू देऊ नका. ७८ पानांना मला अडीच महिने लागले, रोज एक पान याप्रमाणे.

वाळवंटी खुणा वाचायची किल्ली एकच: चित्र वरून पाहिलेलं असतं. आपण झाडाखाली उभं राहून झाड काढतो, इथे घारीच्या नजरेने जमीन काढलेली असते. हे एकदा पटलं की इंग्रजी यू अक्षरासारखी खूण म्हणजे मांडी घालून बसलेला माणूस, हे लगेच दिसतं. वाळूत बसून उठल्यावर उमटतो तो आकार. त्याच्या बाजूला जमीन खणायची काठी आणि लांबट पात्र असेल तर ती बाई, भाला असेल तर पुरुष. मी पहिल्यांदा यू बघून घोड्याची नाल समजले होते आणि ‘शुभ’ असं लिहून ठेवलं होतं.

दोन वर्तुळांना जोडणाऱ्या समांतर रेघा म्हणजे वाट, प्रवास. नागमोडी रेघ म्हणजे वाहतं पाणी, पण तीच साप असू शकते, कधी धूर. एकच खूण जागा बदलली की वेगळं बोलते, आणि एकाच चित्राचे अर्थही थरांनी असतात: लहान मुलांना सांगायचा एक, दीक्षा घेतलेल्यांचा दुसरा. आपल्याला कळतो तो सगळ्यात वरचा, अंगणातला. गाभाऱ्यातला नाही. म्हणून ‘या खुणेचा अर्थ हा’ अशी यादी डोक्यात पक्की करू नका. ‘या चित्रकाराने या पानावर असं सांगितलं आहे’ एवढंच म्हणा.

एमूची पावलं वेगळी सांगायला हवीत, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक जण फसतो. तीन बोटांचं पाऊल बाणासारखं दिसतं. आपण बाणाच्या टोकाकडे बघून म्हणतो, पक्षी तिकडे चालला. पण ते टोक म्हणजे टाच, बोटं पुढे फाकलेली असतात. एमू बाणाच्या उलट दिशेला चाललेला असतो.

आणखी एक शब्द: ड्रीमिंग. पुस्तिकेत तो हमखास असतो आणि मराठी मनात लगेच ‘स्वप्न’ उमटतं. वार्लपिरी भाषेत त्याला जुकुर्पा म्हणतात, आणि त्यात सृष्टीची घडण, पूर्वजांचे प्रवास, नातीगोती, कायदा, आज कसं वागायचं हे सगळं येतं. झोपेत पडणाऱ्या स्वप्नाशी त्याचा फारसा संबंध नाही. मून पानाखाली ‘ड्रीमिंग’ लिहिलेलं दिसलं म्हणून ‘तुला स्वप्नं पडत असतील’ असं सांगू नका. मी सांगितलं आहे.

## ५. एकदा तरी खडक बघून या

ऑस्ट्रेलियात असाल तर ही पायरी गाळू नका. मेलबर्नहून गाडीने तीनेक तासांवर गारिवर्ड, म्हणजे ग्रॅम्पियन्सचे डोंगर. व्हिक्टोरियातली बहुतेक शैलचित्रं याच भागात आहेत. स्टॉवेल गावाजवळ बुंजिलची कपार आहे. बुंजिल हा निर्माता, त्याच्याजवळ दोन कुत्रे. चित्र लहान आहे आणि लोखंडी जाळीमागे आहे. मला पहिल्यांदा थोडा हिरमोड झाला, खोटं कशाला बोलू. मग जाळीला नाक लावून दहा मिनिटं उभी राहिले आणि तेव्हा कुठे बघायला शिकले. डोंगरांच्या उत्तर टोकाला गुलगुर्न मांजा आहे, नावाचा अर्थ लहानग्यांचे हात, आणि खडकावर खरंच मुलांच्या हातांचे ठसे आहेत. निघण्याआधी पार्क्स व्हिक्टोरियाच्या संकेतस्थळावर वाट उघडी आहे का ते बघा, वणव्यांमुळे बंद असू शकते.

सिडनीकरांना कु-रिंग-गाय चेस उद्यानात वालुकाश्मावर कोरलेल्या आकृत्या पाहता येतील. भर दुपारी गेलात तर काही दिसणार नाही, सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन लागतं. काकाडूतलं उबिर डार्विनहून साधारण तीन तासांवर. कोरड्या मोसमातच जा, पावसाळ्यात रस्ता पाण्याखाली जातो. तिथे एका खडकावर टास्मानियन वाघ, म्हणजे आता नामशेष झालेला पट्टेरी पिशवीवाला प्राणी, रंगवलेला आहे. मुख्य भूमीवरून तो प्राणी हजारो वर्षांपूर्वीच नाहीसा झाला. किंबर्लीतल्या एका कांगारूच्या चित्राचं वय त्यावरच्या आणि त्याखालच्या गांधीलमाशीच्या घरट्यांवरून काढलं, सुमारे १७,३०० वर्षं. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं तेव्हा मी माझा कॅट काढून त्यातल्या कांगारूकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं होतं.

हात लावू नका. चित्राला नाही आणि कोरीव रेघेलाही नाही. आपल्याकडे सड्यावरच्या कातळशिल्पांत फोटोसाठी खडू भरायची हौस असते, ती इथे आणू नका, आणि खरं तर तिथेही करू नका. भारतात राहत असाल तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीचा कातळात कोरलेला हत्ती बघून या. ऑस्ट्रेलियन चित्रांशी त्याचा काही संबंध नाही, पण एवढ्या मोठ्या आकृतीभोवती फिरून ती ‘वरून’ कशी दिसेल याची कल्पना करायची सवय लागते.

## ६. पहिली मांडणी

तीनच पानं. केल्टिक क्रॉस नावाच्या मांडणीची दहा पानं पहिल्या वर्षी विसरा.

पानं पिसा, समोरच्याला काटायला सांगा, वरची तीन डावीकडून मांडा: आत्ता काय आहे, काय अडतंय, पुढचं पाऊल. प्रत्येक पानावर आधी डावा रकाना बोला, मग उजवा, मग गप्प बसा. गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं.

एक खरी बैठक सांगते. ओळखीच्या एका काकूंचा प्रश्न: नाशिकला आई आजारी आहे, सहा महिने जाऊन राहू का? मधल्या जागी आलं सिक्स ऑफ स्वोर्ड्स. १९०९ च्या कॅटमध्ये तिथे नावेतून पलीकडे जाणारी माणसं आहेत. माझ्या आताच्या कॅटमध्ये एमूच्या पावलांची ओळ. काकू म्हणाल्या, ‘बघ, बाण उलटा, म्हणजे जाऊ नको म्हणतंय.’ मी त्यांना बोटं आणि टाच दाखवली. त्या खूप वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मग अडतंय काय, जाणं की न जाणं?’ त्यापुढे मी एक शब्द बोलले नाही, त्यांनीच तासभर बोलून घेतलं.

उलटं आलेलं पान उलटं वाचायचं का? या कॅटपुरतं सांगते, वाचू नका. वरून पाहिलेल्या चित्राला सुलटी बाजू असतेच असं नाही.

## ७. बोलण्याचं भान

‘अ‍ॅबोरिजिनल लोक असं मानतात की...’ ही सुरुवात टाळा. इंग्रजीत बोलताना ‘अ‍ॅबोरिजिनी’ हा जुना शब्द वापरू नका, अनेकांना तो लागतो. अ‍ॅबोरिजिनल किंवा फर्स्ट नेशन्स म्हणा, आणि समाजाचं नाव माहीत असेल तर तेच म्हणा. अनेक समाजांत वारलेल्या माणसाचं नाव आणि फोटो काही काळ टाळतात. पुस्तिकेतला चित्रकार हयात नसेल तर त्याचा फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी विचार करा.

पैसे घेऊन पानं वाचणार असाल तर घ्या, तुमचा वेळ आहे. मात्र जाहिरातीत ‘प्राचीन आदिवासी ज्ञान’ लिहू नका. ते तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही.

कॅट भारतात नेत असाल तर एक गोष्ट. मी जुलैत राजापूरला नेला आणि आठ दिवसांत पानं पापडासारखी वाकली, पिसता येईनात. घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या दोन पुड्या बरोबर ठेवा. रबरबँड लावू नका, कडा कापल्या जातात.

आणि तो पहिला कॅट? फेकला नाही. कुणी नवीन शिकायला आलं की पहिल्या दिवशी तोच समोर ठेवते आणि म्हणते, यातल्या चुका शोध. एका पानावर एमू बाणाच्या टोकाच्या दिशेने चोच करून चालला आहे, ती चूक सगळ्यात शेवटी सापडते. आत्तापर्यंतचा विक्रम माझ्या भाचीचा आहे, एका चहाच्या कपात अकरा चुका.